केमोच्या दिवशी पोरं कुणाकडे?

एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं दवाखान्यातले उपचार मोफत देणारी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याला कडाडून विरोध केला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दवाखान्याचा विषय निघाला की बोलणं हटकून एकाच ठिकाणी येऊन थांबतं: योजना कोणाची? एक बाजू म्हणते, मराठी माणसाच्या दुखण्याला महाराष्ट्र धावून आला, त्यात पाप काय? दुसरी म्हणते, आमच्या हद्दीत दुसऱ्या राज्याची योजना चालवून घेणार नाही. सभा झाल्या, निवेदनं गेली, अग्रलेख पडले. ते सगळं वाचताना मला एकच गोष्ट सलत राहिली. या वादात रेशनकार्ड आहे, गावांची यादी आहे, राज्याची हद्द आहे. आजारी माणूस तेवढा कुठे नाही, आणि त्याचं घर तर नाहीच.

माझं म्हणणं सरळ सांगते. पदरात लहान मुलं असलेल्या बाईला कॅन्सर होतो तेव्हा तिचे उपचार बिलापायी अडतात, तसेच ते घरापायीही अडतात. मुलांना कोण बघणार, दवाखान्यापर्यंत कसं जायचं, सोबत येणाऱ्याची बुडालेली हजेरी कोण भरून देणार, चुलीपुढं कोण उभं राहणार, हे प्रश्न उपचारांच्या बाहेरचे नाहीत. त्यांची सोय ही औषधाइतकीच सरकारची जबाबदारी आहे. ती बंगळूर आणि मुंबई या दोघांनीही, सीमेचा निकाल लागायची वाट न बघता, उचलायला हवी.

कॅन्सर हा म्हातारपणाचा आजार, अशी आपल्याकडे अजून समजूत आहे. भारतीय बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचा. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात त्याचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण सापडले. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडच्या बायकांना तो साधारण 10 वर्षं आधी गाठतो. त्यानंतरचा क्रमांक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. तेव्हा गाठीचा रिपोर्ट हातात घेऊन बाकावर बसलेल्या अनेक बायकांच्या घरी शाळेचा डबा भरायचा असतो, एखादीच्या अंगावर पिणारं बाळही असतं. केमो सुरू झाली की ते दूध तोडावं लागतं. आईच्या दुखण्याचा पहिला हिशेब त्या घरात डब्यातल्या दुधाच्या खर्चानं सुरू होतो.

बाहेरच्याला वाटतं, केमो म्हणजे एक दिवस सलाईन लावायची आणि संध्याकाळी घरी यायचं. घरातलं गणित वेगळं आहे. स्तनाच्या कॅन्सरला पुष्कळदा दर 21 दिवसांनी केमो असते, अशा 6 ते 8. पहिले तीन-चार दिवस उलट्या, तोंड आलेलं, फोडणीचा वाससुद्धा सोसत नाही. मग साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली जातात. ‘काउंट पडलेत’ असं घरोघरी म्हणतात ते हेच दिवस. या काळात ताप 100.4 अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते, मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा असतो. आणि नेमक्या याच दिवसांत शाळेतून, अंगणवाडीतून सर्दी-खोकला घेऊन पोरं घरी येतात, आईच्या कुशीत शिरायला बघतात. तिसऱ्या आठवड्यात बाई जरा सावरते, दोन भाकऱ्या थापते, तोवर पुढची तारीख आलेली असते.

खानापूर तालुक्यातलं असं एक घर मी जवळून पाहिलं. नवरा गोव्यात कामाला. मुलगी चौथीत, धाकटा दोन वर्षांचा. सासूचे गुडघे गेलेले. माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. काउंट पडलेल्या दिवसांत धाकट्याला सर्दी झाली, तेव्हा तिनं खोलीच्या उंबऱ्यावर पाट आडवा उभा करून ठेवला. तो पलीकडं बसून पाटाच्या कडेला गाल लावायचा, आई अलीकडून तोंडाला मास्क बांधून गोष्ट सांगायची. थोरली सकाळी उठून भात लावायची, भावाला अंघोळ घालायची, मग वेळ उरला तर शाळा. शेवटी मामा येऊन धाकट्याला माहेरी घेऊन गेला. तिकडच्या अंगणवाडीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून तिथला आहारही नव्हता. इकडच्या अंगणवाडीत नाव होतं, पण पोरगं नव्हतं. या बाईच्या ऑपरेशनचा आणि केमोचा खर्च सरकारी योजनेतून झाला, हेही सांगितलंच पाहिजे. ज्या प्रश्नावर सभा गाजतात तो प्रश्न या घरात सुटलेला होता. घर तरीही कोलमडत होतं.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, आपल्याकडं कुटुंब आहे, भाऊबंद आहेत, माहेर आहे. हे सरकारनं कशाला करायचं? खरंच आहे ते. सीमाभागातल्या खेड्यांत आजही दुखण्याला माणसं धावून येतात. जाऊ आपली शेताची कामं टाकून सोबत जाते, शेजारीण गुपचूप भाजीची वाटी ठेवून जाते, गणेश मंडळं वर्गणीतून पैसे काढून देतात. ही माणुसकी मला मोलाची वाटते आणि कोणतंही सरकारी खातं तिची जागा घेऊ शकणार नाही. पण ‘कुटुंब बघेल’ म्हणताना आपण कुणाचं नाव घेत असतो? जवळजवळ दर वेळी दुसऱ्या एखाद्या बाईचं. गुडघे गेलेल्या सासूचं, स्वतःची पोरं असलेल्या जावेचं, नाहीतर नऊ-दहा वर्षांच्या लेकीचं. त्या लेकीची शाळा बुडाली तर तो खर्च कुठल्या बिलात धरायचा? मंडळाची मदत ऑपरेशनच्या वेळी येते. तेव्हा गाव हललेलं असतं. पाचव्या केमोला, सहाव्या महिन्यात, गावाची ओल आटलेली असते. यात गावाचा दोष नाही. ज्याच्या-त्याच्या घरी लग्नं आहेत, सुगी आहे, स्वतःची दुखणी आहेत. वर्षभर चालणारा आजार चार दिवसांच्या मदतीवर निभावत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

हा वाद नवा आहे असंही समजू नये. 1928 साली मुंबई कायदेमंडळात कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात सुट्टी आणि भत्ता देण्याचं विधेयक आलं. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. उद्योगांवर हा बोजा कशाला, असा सूर तेव्हाही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना मांडलं की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा. 1929 मध्ये तो कायदा झाला. बाळंतपणाइतकी घरगुती, खासगी, बायकांची मानली गेलेली गोष्ट दुसरी कोणती होती? तरीही ती सार्वजनिक जबाबदारी ठरली, आणि त्यामुळं माहेरपण संपलं नाही की आईची माया आटली नाही. आज बाळंतपणाची रजा हा ‘घरात ढवळाढवळ’ करणारा प्रकार आहे, असं कुणी म्हणेल का?

दुसरा आक्षेप पैशाचा. जिल्ह्यात तपासणीची सोय अपुरी आहे, किरणोपचाराच्या यंत्रांपुढं रांगा आहेत. असं असताना गाडीभाडं आणि पाळणाघरावर पैसे घालवायचे का? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी निर्दयी म्हणणार नाही. लवकर निदान झालं तर जीव वाचतो, यात वाद नाही. बेळगावातच नवीन कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं, 2025 च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, ही या भागासाठी मोठीच गोष्ट आहे. पण यंत्र बसवलं म्हणजे बाई तिथं रोज पोचते असं थोडंच आहे? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे किरणोपचार, ज्याला आमच्याकडच्या बायका शेक म्हणतात, ते आठवड्यातले पाच दिवस असे साधारण पाच आठवडे चालतात, आणि आतून द्यायचा शेक धरून सगळं 8 आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. मध्ये खंड पडला, मुदत लांबली, तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. आता सांगा, पाच आठवडे रोज सकाळी पोराला कुणाच्या कडेवर द्यायचं, हा प्रश्न वैद्यकीय आहे की घरगुती? दोन दिवस पोरगं तापलं म्हणून आई गेली नाही, चार दिवस सोबतीला माणूस मिळाला नाही, तर सरकारनं त्या उपचारावर आधीच घातलेला पैसाही पाण्यात जातो. अर्धवट सोडलेला उपचार हा सगळ्यात महागडा उपचार असतो.

शिवाय औषधाबाहेरचा खर्च आपण करत नाही असंही नाही. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून सरकारी दवाखान्यात न्यायला आणि परत सोडायला गाडी फुकट आहे, तिथलं जेवणही फुकट आहे. क्षयरोगाच्या रुग्णाला 2018 पासून पोषणासाठी दरमहा 500 रुपये मिळू लागले आणि 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1000 झाले. म्हणजे गाडी, जेवण आणि खुराक हा उपचाराचा भाग आहे हे तत्त्व दिल्लीपासून गावच्या आशाताईपर्यंत सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. मग तीच बाई, तेच गाव, तोच रस्ता. बाळंत होताना गाडी दारात येते आणि त्याच बाळाला मागं ठेवून केमोला जाताना ती बसथांब्यावर का उभी राहते?

बसचं म्हणाल तर कर्नाटकाच्या शक्ती योजनेनं 11 जून 2023 पासून बायकांचा प्रवास फुकट केला, आणि त्याचा उपयोग आजारी बायकांनाही झाला. मी ते कमी लेखत नाही. पण काउंट पडलेल्या दिवसांत डॉक्टर सगळ्यात आधी सांगतात ते गर्दीत जाऊ नका, आणि खानापूरहून सकाळची बस कशी भरून येते ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. त्यातून निपाणीची बाई असेल तर तिला बेळगाव सुमारे 75 किलोमीटर आणि कोल्हापूर 40. जवळ काय ते उघड आहे, पण तिची फुकट बस तिला लांबच्या शहरात नेते. रेल्वे कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयान वर्गात पूर्ण सवलत देते, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत आहे. ही गोष्ट किती घरांना ठाऊक असते? दवाखान्यानं दाखला द्यायचा, स्टेशनवर तो दाखवायचा, एवढंच काम. पण ते सांगणारं कुणी नसलं की माणसं पूर्ण भाडं भरून मुंबईला जातात.

आता सीमेकडे येते. कर्नाटकाच्या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एका राज्यानं दुसऱ्याच्या प्रशासनाला न विचारता तिथल्या गावांत योजना राबवावी, हे संघराज्याच्या चौकटीत अवघड जागेचं दुखणं आहे, आणि उद्या हेच कर्नाटकानं जत किंवा अक्कलकोट तालुक्यात केलं तर आपल्याकडं काय प्रतिक्रिया उमटेल याचा प्रामाणिकपणे विचार करावा. 2022 च्या शेवटी जतच्या गावांवर नुसता दावा सांगितला गेला तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला होता! पण तत्त्व मान्य करूनही त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. परवानगी विचारली नाही, म्हणून दार बंद, हा निष्कर्ष कसा निघतो? परवानगी द्या-घ्या, करार करा, हा का निघत नाही?

कारण हीच दोन राज्यं इतर बाबतींत बरोबर बोलतात. सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा 2004 पासून पडून आहे. तो पडून असतानाच 2023 च्या मे अखेरीस मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कृष्णेत आणि भीमेत पाणी सोडायची विनंती केली होती, कारण उत्तर कर्नाटकात पिण्याच्या पाण्याचे हाल होते. पाण्यासाठी पत्र लिहिलं म्हणून कुणाचा दावा दुबळा झाला नाही. मग रुग्णांसाठी पत्र का जात नाही? आणखी मागं जाऊ. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला तेव्हा मिरज संस्थान होतं आणि बेळगाव ब्रिटिश मुलूख. या दोन्ही मुलखांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जात राहिली. बैलगाडीला वेस आडवी आली नाही. आज मात्र एका राज्याच्या दवाखान्यातली चिठ्ठी दुसऱ्या राज्यातल्या खिडकीवर चालेल की नाही, हे विचारण्यात नवऱ्याचा अख्खा दिवस जातो.

ज्या भागात निम्मी लग्नं हद्दीच्या पलीकडं होतात असं वाटावं इतका रोटी-बेटीचा व्यवहार आहे, तिथं आजारी बाईचं सासर एका राज्यात आणि आधार दुसऱ्या राज्यात असणं हे ठरलेलंच. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याच्या लेकी बेळगाव-खानापुरात, इकडच्या लेकी तिकडं. दुखण्यात बाई माहेरी जाते, ही आपली सगळ्यात जुनी आरोग्य योजना. तिला दोन्ही सरकारांनी मिळून खीळ घातली आहे: नाव एका रेशनकार्डावर, आई दुसऱ्या तालुक्यात. उपाय फार मोठा नाही. जिल्हा रुग्णालयांच्या चिठ्ठ्या दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या मान्य कराव्यात. आईचा उपचार चालू आहे एवढ्या दाखल्यावर तिच्या मुलांना हद्दीच्या कुठल्याही बाजूच्या अंगणवाडीत बसू द्यावं, तिथला आहार द्यावा. कर्नाटकानं ग्रामपंचायतींमधून ‘कूसिन मने’ ही पाळणाघरं काढली आहेत, ती मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या लहान मुलांसाठी. त्यांची दारं केमोच्या आणि शेकाच्या दिवशी या आयांच्या मुलांना उघडायला किती खर्च येणार आहे? आणि हे सगळं जतच्या, अक्कलकोटच्या कन्नड आईला तितकंच लागू हवं. ती विजापूरला गेली तर तिच्या दाखल्याकडंही कुणी बोट दाखवू नये. चिक्कोडी-रायबागच्या कन्नड घरातही काउंट पडतात, तिथंही पोरगं दाराशी रडतं.

यावर सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या आमच्याच चळवळीतले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, असल्या मागण्या केल्या की मूळ प्रश्न बाजूला पडतो. सोयी मिळाल्या की माणसं महाराष्ट्रात जायचं विसरतील. 1956 पासून ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, त्यांच्या तोंडून हे येतं तेव्हा मी मान खाली घालून ऐकते. त्यांची भीती खोटी नाही. पण 2004 मध्ये दावा दाखल झाला तेव्हा जन्मलेली मुलं आज मतदार झाली, काहींच्या मांडीवर मुलं आली. निकालापर्यंत आजार थांबत नाही. आणि भाषेचा लढा मनापासून लढायचा असेल तर याहून पक्की जागा कोणती? ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1956 पासूनच्या केंद्राच्या धोरणात आहे. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड असावं की नाही, यावर आपण रस्त्यावर उतरतो. ताप 100.4 च्या वर गेला तर काय करायचं, हा घरी द्यायचा कागद मराठीत मिळावा, म्हणून कधी उतरलो? तो कागद न कळल्यानं जी रात्र वाया जाते, ती परत मिळत नाही. कन्नड शिकावं, जरूर शिकावं, आमची मुलं शिकतातच. पण सासरी येऊन चार वर्षं झालेल्या चंदगडच्या मुलीला संमतीपत्रावर सही करायच्या आधी भाषा शिकून ये, असं कुठला डॉक्टर सांगेल?

एक काम मात्र सरकारवर टाकता येत नाही, ते घरच्यांचं आहे. मुलांना खरं सांगावं. आपण काय करतो? ‘आई गावाला गेलीय’ म्हणतो आणि आई केस गेलेल्या डोक्यानं परत येते. चार-पाच वर्षांच्या मुलाला सहज वाटतं की मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. त्याला एवढंच सांगावं: आईला आजार झालाय, तो तुझ्यामुळं नाही, तो तुला लागणार नाही, औषधानं केस जातात आणि नंतर परत येतात. बाहेरून शेक घेऊन आलेल्या आईला मुलानं मिठी मारली तर त्याला काही होत नाही. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी घरांत आईला आठवडेच्या आठवडे वेगळं ताट, वेगळी खोली दिली जाते. आणि कृपा करून तिला ‘वाघीण आहेस तू’ म्हणणं जरा कमी करावं. ती वाघीण असेलही. पण तिच्या धीराची स्तुती ऐकली की आपल्याला आपलं काम झाल्यासारखं वाटतं. तिला त्या दिवशी धीर नको असतो, थोरलीला शाळेत सोडणारं कुणीतरी हवं असतं.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि त्याच वेळी सीमालढा चालवणारी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळाव्याची हाक देते. एकच कागद दोन्हीकडं जायला हवा, कन्नडमध्ये आणि मराठीत: केमोच्या आणि शेकाच्या दिवसांसाठी गाडी, उपचार चालू असेपर्यंत क्षयरुग्णासारखा महिन्याचा खुराक, मुलांना दोन्ही बाजूंच्या अंगणवाडीत जागा, चिठ्ठ्यांची परस्पर मान्यता, आणि घरी न्यायच्या सूचना आईच्या भाषेत. विधानसौधात तो मांडायला बेळगाव जिल्ह्याचे 18 आमदार आहेत, मराठी मतं मागणारेही आणि कन्नड मतं मागणारेही. मुंबईत तो न्यायला चंदगड आणि कागलचे आमदार आहेत, ज्यांच्या मतदारसंघातल्या लेकी इकडं नांदतात. त्यांच्यातला पहिली सही कोण करतो, ते या भागातल्या बायकांनी नाव घेऊन विचारावं.